मूत शिजवणारी मास्तरीण

"सिंधूबाई भारी खडूस होत्या हो. चोवीस तास कावलेल्या." आमच्या शाळेच्या जुन्या मुलींचा मेळावा परवा झाला, तिथं एक जण गुलाबजाम खाताखाता हे म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. म्हणणारी स्वतः साठीला आलेली, नातवंडांची आजी. मी तिला म्हटलं, "कावल्या नसत्या तर मेल्या असत्या." तिला काही कळलं नाही. तिनं दुसरा गुलाबजाम उचलला. तिला कळावं म्हणून मी हे लिहीत नाही. माझा जीव जळतो म्हणून लिहिते.

जळगाव जामोदला मुलींच्या शाळेत आम्ही दोघी नोकरीला होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरची, एकटी, बिनलग्नाची. सिंधूबाई वरवट बकालच्या सून. नवरा गुलाबराव तहसील कचेरीत कारकून. आमच्या खोल्यांची भिंत एकच, मोरी सामाईक, मागं घरमालकाचा गोठा. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, ते मला सांगावं लागत नसे.

उंच बाई, काळीसावळी, आवाज असा की त्या गणिताचा तास घेत तेव्हा शेजारच्या वर्गातल्या मुलींचेही पाढे पाठ होत. मुलींवर हात त्यांनी कधी टाकला नाही. पण एखादी पोर "बाई, मला नाही जमत" म्हणाली की त्या खडू फळ्यावर आपटत आणि म्हणत, "जमत नाही, की केलं नाही? दोन्हीतलं एक सांग!" बिचारी पोर त्यातलं दुसरं कबूल करी.

त्यांची एक सवय मुलींना फार गमतीची वाटे. दुसऱ्या तासाची घंटा झाली की त्या डब्यातून भाकरीचा चतकोर काढीत आणि वर्गासमोर उभ्या राहून खात. चघळत नसत, लपवत नसत, सरळ खात. मुख्याध्यापिका एकदा दारात येऊन म्हणाल्या, "सिंधूबाई, वर्गात खाता?" सिंधूबाई म्हणाल्या, "मग वर्गात पडू का?" आणि पुढचा घास घेतला. मुख्याध्यापिका आल्या पावली परत गेल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही.

सिंधूबाईंना साखरेचा आजार होता. तोही भर तारुण्यात, सुई घ्यावी लागणारा. आज घरोघरी हा आजार आहे, कौतुकानं सांगतात. तेव्हा आमच्याकडे तो शेठजी लोकांचा, ढेरपोट्या म्हाताऱ्यांचा आजार समजला जाई. पंचविशीतल्या सडपातळ बाईला तो असतो, हेच लोकांना पटत नसे. औषधाच्या बाटल्या अकोल्याहून येत. रशीदभाई म्हणून कापडाचे व्यापारी होते, ते मालाला अकोल्याला गेले की ओल्या फडक्यात गुंडाळून आणीत. बाटली माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवलेली असे. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून, दाराला लुगड्याचा आडोसा करून, त्या स्वतःच्या मांडीत सुई टोचून घेत. पदराच्या गाठीला खडीसाखर. सुईनं साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला.

हा आजार कळला कसा, ते सांगते. त्यांचं पहिलं बाळंतपण वरवटला झालं. नऊ महिने पोट इतकं वाढलं की सासू गावभर सांगत सुटली, "जुळं हाय माह्या सुनेले." पाणी प्यायच्या तर घागर संपवायच्या. मोरीत मुंग्या लागायच्या. कुणाच्या मनात काही आलं नाही. पोर जन्मलं ते हे एवढं मोठं, गालगुब्बू, आणि मेलेलं. ते पाहून बाया काय म्हणाल्या असतील? "एवढं गुटगुटीत लेकरू! नजर लागली कोनाची तं." त्या नजर लावणारीचा शोधही घेऊन झाला, एका गरीब विधवेचं येणंजाणं बंद झालं. सिंधूबाई पुढं शुद्धीवर राहीनात, तेव्हा कुठं गुलाबरावांनी अकोला गाठलं.

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून निकाल दिला, मूल विसरा, ऑपरेशन करून टाका. त्यांच्याच हाताखाली एक तरुण डॉक्टरीण होती. ती मागाहून व्हरांड्यात येऊन म्हणाली की मूल होऊ शकतं, पण आधी तयारी करावी लागेल. साखर ताब्यात आणायची, काही महिने ताब्यात राहिली पाहिजे, मगच दिवस जाऊ द्यायचे. दिवस गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण बाळाचं बरंवाईट, दिवस गेल्याचं आईला कळायच्या आधीच ठरायला लागतं. आणि प्रसूती गावात नाही, इथं, वेळेच्या आधी येऊन. सिंधूबाई मला म्हणाल्या, "लीला, एवढ्या वर्षांत मले कोनी पयल्यांदा काम सांगितलं. बाकी सगळ्यायनं नशीब सांगितलं."

त्या कामाला लागल्या. तोवर दिवस जाऊ नयेत म्हणून, नवऱ्याला सांगून आणि सासूला न सांगता, लूप बसवून घेतला. गूळ-साखर बंद. भाकरी मोजून. रोज दोनदा लघवीची तपासणी, आणि इथूनच सगळं रामायण सुरू झालं.

तेव्हा घरी साखर तपासायची एकच सोय होती. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत गेलं तर साखर वाढत गेली. विटकरी झालं की संपलं. सिंधूबाईंचं रोज विटकरी नाही तर नारिंगी. त्यांना एकच ध्यास, निळं. शाळेतून आल्या की चपला काढायच्या आधी नळी. मी भिंतीपलीकडून विचारी, "काय हो?" पलीकडून आवाज येई, "वीट!" आणि मग भांडी आपटल्याचा आवाज.

एक दिवस सासू वरवटहून न सांगता आली. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. बुटकी, नाकातलं नथीचं भोक ओघळलेली, हात सारखे कामात असलेली बाई. दुष्ट होती असं मी म्हणणार नाही, दुष्ट असती तर सोपं झालं असतं. ती स्वयंपाकघरात शिरली तेव्हा चुलीशेजारी दिवा पेटलेला आणि नळीत उकळी फुटलेली.

"काय शिजोते व?"

सिंधूबाईंना खोटं बोलता येत नसे. "मूत," त्या म्हणाल्या.

त्या म्हातारीनं जो गलका केला, तो मोंढ्यातल्या बाजारापर्यंत ऐकू गेला असेल. "सैपाकघरात मूत शिजोते! अन्नपूर्णेच्या जागेवर! माह्या पोराले काय खाऊ घालते कोन जाने!" दोन दिवसांत गावात झालं, मास्तरीण मूत शिजवते. कुणी म्हणालं नवऱ्याला वश करायला, कुणी म्हणालं पोर व्हायला. शाळेतल्या पोरी फळ्यावर नळीचं चित्र काढून ठेवू लागल्या. सिंधूबाईंनी ते चित्र पाहिलं, पुसलं नाही. शेजारी दिवा काढला, थेंब किती आणि औषध किती ते लिहिलं आणि त्यावरच त्रैराशिक घातलं. पण घरी मात्र त्यांना दिवा आणि नळी घेऊन गोठ्यात जावं लागलं. गुलाबरावांनी आईपुढं मान खाली घातली. रोज दोनदा एक शिकलेली, कमावती बाई म्हशीच्या शेजारी उकिडवी बसून स्वतःची लघवी उकळत असे. म्हशीला काही आक्षेप नव्हता. माणसांना होता.

आता महालक्ष्म्यांचा दिवस. भाद्रपदात आमच्याकडे हा सण म्हणजे घरच्या बाईची परीक्षा. पहाटेपासून पुरण, सोळा भाज्या, आंबील, आणि महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवून आरती झाल्याशिवाय घरातल्या बाईनं पाण्याचा घोट घ्यायचा नाही. सिंधूबाईंना वरवटला जाणं भाग होतं. मलाही जेवायचं बोलावणं होतं. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. सकाळी सुई घ्यायची, पिशवीत भाकरी बांधलेली, ती मागच्या अंगणात जाऊन खायची आणि मग सोवळं नेसून कामाला लागायचं.

सुई घेऊन झाली. नंतर पाहतात तो पिशवीत भाकरी नाही. आत्याबाईंना ती आधीच सापडली होती. "महालक्ष्म्या उपाशी अन् सुनेले भाकर पाहिजे," असं म्हणून त्यांनी ती गाईला घातली होती. घेतलेली सुई काही परत काढता येत नाही. सिंधूबाई म्हणाल्या, "आत्याबाई, मले खावंच लागते, नाही तं मी पडन." आत्याबाई म्हणाल्या, "एक दिवस उपाशी राह्यल्यानं कोनी मेलं नाही. लेकरू पाहिजे ना? मंग देवीपुढं जीव लाव." खडीसाखरेची गाठ होती ती रोजच्या लुगड्याच्या पदराला, आणि ते लुगडं सोवळ्यासाठी सोडून कुठल्याशा गाठोड्यात गेलं होतं. आरतीला धाकटा दीर यायचा होता, त्याची बैलगाडी काही येईना.

मी पोचले तेव्हा अंगणात गर्दी. मखरासमोर सिंधूबाई बसलेल्या. घामानं लुगडं चिकटलेलं, हात थरथरत, डोळे भलतीकडेच, तोंडातून अर्धवट शब्द. एकदम ओरडल्या, हातातलं ताट भिरकावलं. आणि बाया हात जोडून उभ्या! कुणी कपाळभर कुंकू फासलेलं, कुणी पायावर पाणी घालतेय. "महालक्ष्मी आली व माय, सिंधीच्या अंगात महालक्ष्मी आली!" आत्याबाई पदर पसरून पुढं बसलेल्या, डोळ्यांतून धारा. "पोरगा देशीन का व माय? सालाच्या आत देशीन का?" सिंधूबाईंची मान डुलत होती. डुलणाऱ्या मानेचं उत्तर त्यांनी होकार म्हणून घेतलं. शंख कुणी वाजवला मला माहीत नाही, पण वाजला.

मी ओरडले, "अहो, साखर उतरलीय तिची! मरेल ती!" एक बाई मला धरू लागली, म्हणे देवीच्या अंगाला पारोशा हाताचा विटाळ होतो. मखरासमोर पंचामृतासाठी साखरेची वाटी होती. मी ती उचलली, सिंधूबाईंचा जबडा धरला आणि चिमटीचिमटीनं गालाच्या आत साखर चोळली. त्या मला चावल्या. तरी चोळली. थोड्या वेळानं घाम थांबला, नजर जागेवर आली. कपाळावरचं कुंकू नाकावरून ओघळत होतं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? भाकर कोनी घेतली माही?"

आता तरी उमगेल असं मला वाटलं. कसलं उमगतंय! मागं एक म्हातारी सांगत होती, "पाह्यलं का? देवीनं सोताच्या तोंडानं नैवेद्य खाल्ला."

झालं. देवीनं शब्द दिला होता, सालाच्या आत पोरगा. हा शब्द वरवटहून जळगावात आमच्या आधी पोचला. आत्याबाईंनी येऊन घरात ठाणच मांडलं. रोज विचारणा, काही हाय का, काही हाय का. शेवटी गुलाबरावांनी आईला लूपचं सांगून टाकलं. सांगून टाकलं म्हणजे काय, म्हातारी रडली, ह्यांना राहवलं नाही. मग जो भडका उडाला! "देवीनं शब्द देल्ला अन् हे आतून कडी लावून बसली!" लूप काढ, नाही तर पोराचं दुसरं लग्न लावते. कायद्यानं दुसरं लग्न बंद झालं होतं, पण वरवटला कायदा कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

नळी अजून पिवळी होती. तेव्हा दिवस गेले असते तर पहिल्यासारखंच मेलेलं पोर, नाही तर आईच जायची. सिंधूबाईंना हे माहीत होतं. मला माहीत होतं. गुलाबरावांनाही माहीत होतं.

मी एक युक्ती काढली. म्हटलं, "तुम्ही पुन्हा घुमा. खोटंखोटं. म्हणावं, मी महालक्ष्मी आहे, हिला वर्षभर उपास नको, दोन वेळा भाकरी द्या, पोराची घाई करू नका. म्हातारी पायाशी लोळण घेईल." मला माझं डोकं भारी चाललं असं वाटलं होतं.

सिंधूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बसल्या जागी मागं सरकले. "देवीच्या तोंडानं बोलू? मंग माहं तोंड कायले हाय? दळन दळाले? मी मॅट्रिक झाली, मी नोकरी करते, मी सांगून राह्यली का मले भूक लागली, तं कोनी आयकत नाही. देवी म्हनन भूक लागली, तं सोळा भाज्या! नाही लीला. आयकतीन तं माहं आयकतीन. नाही तं गेले उडत."

आणि त्या तशाच गोठ्यात गेल्या, नळी उकळून आणली, आत्याबाईंच्या पुढ्यात धरली. "हे पाहा आत्याबाई. पिवळं. हे निळं होईपर्यंत मी पोट राहू देनार नाही. पयलं लेकरू नजरेनं नाही गेलं, ह्या साखरेनं गेलं. त्या विधवेले तुमी उगीच बोल लावला. माह्या अंगात देवी आली नव्हती. मी उपाशी होती. तुमी माही भाकर गाईले घातली."

नातवंडाचं मरण नजरेवर घालून म्हातारी तेवढी वर्षं जगली होती, ते सोडायचं म्हणजे स्वतःकडे पाहावं लागणार. ते तिला झेपलं नाही. तिनं गाठोडं बांधलं आणि पोराला म्हणाली, "चाल. तुले दुसरी पाहतो मी." तेव्हा गुलाबराव म्हणाले, "आई, मी दुसरी करनार नाही." एवढंच बोलले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. एवढं एक वाक्य बोलायला त्या माणसाला महालक्ष्मीपासून दिवाळी लागली. तरी बोलले, हे मी नोंदवते.

आत्याबाई गेल्या, घर शांत झालं आणि खरं सांगते, वेळेवर भाकरी आणि शांत घर मिळाल्यावर त्या हिवाळ्यात नळी हिरवी झाली आणि एक दिवस गोठ्यातून हाक आली, "लीला! इकडे ये व!" मी पळत गेले. त्यांनी नळी उन्हात धरली होती. निळी. म्हैस रवंथ करत होती आणि ही बाई त्या गोठ्यात उभी राहून खदाखदा हसत होती. खडूस म्हणे! तिला हसताना मी पाहिलंय.

पण त्या हसण्यावर त्यांनी कारभार केला नाही. एका निळ्यानं काय होतं? पुढं कितीतरी आठवडे निळं राहिलं, तेव्हा त्या डॉक्टरणीकडे गेल्या, लूप काढला. दिवस गेले ते ठरवून गेले. सातव्यानंतर शाळेतून रजा घेऊन अकोल्यातच जाऊन राहिल्या. बायांनी नावं ठेवली, बाळंतपणाला दवाखान्यात बिऱ्हाड करते म्हणे. वेळेच्या आधी पोट कापून मुलगी झाली. लहानशी, पण जिवंत. रडत होती, आईसारखी जोरात.

आत्याबाई बघायला आल्या. नातीला मांडीवर घेऊन रडल्या, तिच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला आणि काय म्हणाल्या? "देवीनं पोरगा देल्ला होता. हे उलटून बोलली म्हनून पोट्टी झाली. तरी देल्ली माय, देवीची दया." म्हणजे दोन वर्षं गोठ्यात बसली कोण, मांडीची चाळण केली कोणी आणि यश गेलं कुणाच्या खात्यावर! मला वाटलं आता सिंधूबाई फाडून खातील. त्या दमल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "तिले द्या इकडे. दूध पाजाची वेळ झाली."

खरा वैताग पुढं आला. देवीनं शब्द दिला आणि वांझेला मूल झालं, ही बातमी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांपर्यंत गेली. बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर नारळ घेतलेल्या बाया बसू लागल्या. मूल न होणाऱ्या, नाही तर झालेलं जगत नाही अशा. सिंधूबाई बाहेर आल्या की त्या पाया पडायच्या, विचारायच्या, "माय, माह्या नशिबात हाय का?" आणि त्या आरडून त्यांना हाकलायच्या. "निंघा इथून! मी देवी नाही! डॉक्टरकडे जा!" बाया आणखीच घाबरून हात जोडायच्या.

त्या वर्षी माझी बदली बुलडाण्याला झाली. सामान बांधून झालं होतं. त्या दिवशी ओट्यावर एक म्हातारी आणि तिची सून बसलेली. सून अठरा-एकोणीसची, चिपाडासारखी वाळलेली. तिनं माझ्याकडे पाणी मागितलं. तांब्याभर प्यायली. पुन्हा मागितलं. तोही संपवला. सिंधूबाई नेहमीसारख्या तावातावानं बाहेर आल्या होत्या, त्या मधेच थांबल्या.

"अजून पाहिजे का पानी?"

पोरीनं लाजून मान हलवली.

"किती लेकरं गेले?"

"दोन," म्हातारी म्हणाली. "दोन्ही मोठे, गुटगुटीत. मेलेलेच आले."

सिंधूबाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला गोठ्यात नेलं. परत आल्या तेव्हा हातात नळी होती, विटकरी. म्हातारीनं नळी पाहून जमिनीवर डोकं टेकलं. सिंधूबाई किंचाळल्या, "उठ! हा देव नाही व माय! हे तुह्या सुनेचं मूत हाय!"

दुपारच्या नांदुऱ्याच्या एसटीत मला त्या शेवटच्या दिसल्या. कडेवर मुलगी, शेजारी ती पोर, पुढं नांदुऱ्याहून रेल्वेनं अकोला. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थाला उठवून तिथं तिला बसवलं होतं आणि तो कुरकुरत होता. म्हातारी खिडकीखाली उभी राहून नारळ वर देत होती. सिंधूबाईंनी तो परत तिच्या छातीशी लोटला. "घरी ने अन् हे आली का फोडून इलेच खाऊ घाल. अन् आयक, परत आली का इले सुई राहीन. सुई घेतल्यावर आरतीची वाट पाहू नको. दिराची वाट पाहू नको. कोनाचीच पाहू नको. घास पयले इच्या तोंडात. समजलं?" म्हातारीनं हो म्हटलं की नाही, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

गाडी गेली. धूळ बसली तरी म्हातारी नारळ धरून तिथंच उभी. मला म्हणाली, "देवी लई कोपली व माय माह्यावर."

"देवी नाही," मी म्हटलं. "बाई कोपल्यात."